पिल्लू त्यांचं, रात्रपाळी हिची

"मला मुक्या जिवाचा राग येतो. मी इतकी वाईट आहे का?" परदेशात दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मुली समुपदेशनात मला हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ही कराडकडची (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). जर्मनीत एका कुटुंबाकडे ऑ-पेअर होती. म्हणजे मुलं सांभाळायची, हलकी घरकामं करायची. बदल्यात राहणं-जेवण, महिना 280 युरो हातखर्च आणि भाषा शिकायची संधी. ती तिथे गेली आणि थोड्याच दिवसांत त्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं.

गावी त्यांच्याकडेही कुत्रा होता, पण अंगणात. उंबऱ्याच्या आत पाय टाकला की 'हाड'. इथे पिल्लू सोफ्यावर, मुलांच्या पांघरुणात. त्याने चाटलं की ही कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची. व्हिडिओ कॉलवर तिने हात कॅमेऱ्यासमोर धरले, तर थंडीने आणि साबणाने पेरं फुटून लाल झाली होती.

त्यात एकदा तिने प्रेमाने त्याच्यापुढे पोहे ठेवले आणि घरच्या बाईंनी बशी झटकन उचलली. "माझ्या हातचं त्यांना चालत नाही," असं ती मनात धरून बसली होती. कांदा कुत्र्याला विषारी, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मनुकाही कुत्र्याला घातक.

मग एका संध्याकाळी पिल्लू पायाला चावलं, तिने चापट मारली आणि ते धाकट्या मुलाने पाहिलं.

चावण्याचं आधी मिटवलं, ते सोपं होतं. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत, पिल्लू चावणारच. मारलं तर ते हाताला भ्यायला शिकतं, दुसरं काही नाही. खेळ थांबवायचा, उठून जायचं, चावायला त्याची वस्तू द्यायची. चापटीचं मुलाच्या तोंडून कळण्याआधी तिनेच घरात सांगावं, एवढं मात्र मी आग्रहाने म्हटलं.

खरा गुंता रात्रीचा होता. एवढंसं पिल्लू रात्रभर लघवी धरू शकत नाही. उठलं, खाल्लं, खेळून झालं की बाहेर न्यावंच लागतं. पहाटे गाऊनवर कोट चढवून अंगणात उभी राहायची ती हीच. पिल्लाने बाहेर शू केली की सकाळी कौतुक पिल्लाचं.

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांचं मीठ खाते ना मी."

ऑ-पेअरचं काम दिवसाला जास्तीत जास्त 6 आणि आठवड्याला 30 तास, असा तिथला नियम आहे. तिच्या करारात कुत्र्याचा उल्लेखच नव्हता. मी तिला हक्कांसाठी भांडायला सांगितलं नाही; तिच्या स्वभावात ते बसलं नसतं. तिच्या जर्मनमध्ये झेपतील अशी तीन छोटी वाक्यं आम्ही घोकली: रात्री मला झोप हवी. पिल्लू माझ्या खोलीत नको. दुपारी मी आनंदाने फिरवीन.

घरच्या बाई चकित झाल्या. ही सारखी हसायची, त्यामुळे तिला हे सगळं आवडतंय असंच त्या धरून चालल्या होत्या! रात्रपाळी नवरा-बायकोने वाटून घेतली.

तोंड चाटलेलं तिला अजूनही खपत नाही. खपायलाच हवं असं मला वाटत नाही. आता तक्रार कराडहून येते: "कुत्रं फिरवायला जर्मनीला गेलीस का?" आईशी काय बोलायचं, यावर सध्या आमचं काम चालू आहे.