थकवा आजचा, कारण परवाचं

प्रश्न : डॉक्टरबाई, मी इंदूरची, सुदामा नगरात राहते, वय ४१. दीड वर्षापूर्वी व्हायरल ताप आला. ताप उतरला, थकवा उतरला नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं ठीक आहे. गेल्या शनिवारी बरं वाटत होतं म्हणून भावजयीबरोबर राजवाड्यावर खरेदीला गेले, घरी येऊन पुरणपोळ्याही केल्या. रविवार बरा गेला. सोमवारी उठताच येईना. अंग ठणकतंय, घसा दुखतोय, टीव्हीचा आवाजसुद्धा सोसत नाही. आज पाचवा दिवस. सासूबाई म्हणतात, "शनिवारी तर चांगली हिंडलीस!" हा आळस असेल का? रोज चालायला लागू का?

उत्तर : नाही ताई, हा आळस नाही. आणि चालणं तर मुळीच वाढवू नका.

श्रम शनिवारी, त्रास सोमवारी, ही क्रॉनिक फटीग सिंड्रोमची, म्हणजे विश्रांतीनेही न उतरणाऱ्या दीर्घ थकव्याच्या आजाराची, मुख्य खूण. साधारण १२ ते ४८ तासांनी सगळी लक्षणं उसळतात आणि दिवसच्या दिवस, कधी आठवडेही टिकतात. सासूबाईंना शनिवार दिसला. सोमवारचा त्याच्याशी संबंध त्यांना कुणी सांगितलेला नाही. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

"रोज पाच मिनिटं वाढवा" असं मीही कितीतरी वर्षं सांगत आले. माझी एक पेशंट, शाळेत शिकवणारी, इमानेइतबारे वाढवत गेली आणि अंथरुणाला खिळली. ती नीट प्रयत्न करत नाही असं मला वाटलं होतं, याचं आजही वाईट वाटतं. उपचार कसे द्यावेत हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये, ठरावीक पायरीने व्यायाम वाढवण्याचा हा उपचार या आजारात देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं.

एक वही करा. रोज काय केलं ते लिहा, आणि त्रास झाला की मागच्या दोन दिवसांची पानं बघा. हिशेब करणं, फोनवर तासभर बोलणं, भांडण हेही श्रमच, तेही लिहा. दमल्यावर बसू नका, दमायच्या आधी बसा. कणीक मळणं दुसऱ्याला द्या, पोळ्या बसून लाटा. बरं वाटतंय म्हणून साचलेली कामं उरकायला घेणं, घात होतो तो तिथेच. राजवाड्याच्या दिवशी पुरण नको, आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा.

निदान मात्र पत्रावरून होत नाही. महिनाभराची वही घेऊन फिजिशियनकडे जा, आणि उभं राहिल्यावर चक्कर किंवा धडधड होत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा.