मागून गळा धरला की हात-पाय गार पडतात, काय करू?

प्रश्न: ताई, मी क्राव मगा (स्वसंरक्षणाची इस्रायली पद्धत) शिकतेय. समोरून ठोसा आला तर अडवता येतो, पण बाजूने किंवा मागून कोणी धरलं की काही सुचतच नाही. इंटरमीजिएट बॅचला जाऊ का?

उत्तर: जा गं, नक्की जा, कारण हे न सुचणं तिथेच सुटतं. बेसिकमध्ये हल्ला कुठून येणार हे आधीच माहीत असतं, पुढे ते माहीत नसतं, एवढाच खरा फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आधी डोळे मिटून उभी राहा, पार्टनरने कुठूनही धरायचं, धरल्यावरच डोळे उघडायचे, सुरुवातीला अगदी हळू. मागून हाताने गळा आवळला तर पहिलं काम म्हणजे दोन्ही हातांनी त्याचा हात खाली खेचणं आणि हनुवटी त्याच्या कोपराकडे वळवून आत घालणं, बाकी सगळं नंतर, कारण मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर साधारण 10 सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून सरावात टॅप केलं, म्हणजे 'सोड' या खुणेसाठी हाताने थोपटलं, की पार्टनरने तत्क्षणी सोडलंच पाहिजे, जो सोडत नाही त्याच्यासोबत सराव करू नकोस. दोघं अंगावर आले तर मध्ये थांबायचं नाही, एकाच्या बाहेरच्या बाजूला सरकायचं म्हणजे दुसरा त्याच्या मागे अडकतो, आणि वाट मिळाली की पळायचं.