टोकियोत एकच संध्याकाळ असेल तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात सत्तरीतले आई-बाबा बरोबर, टोकियोत मोकळी संध्याकाळ एकच, आणि उंचावरून शहर, थोडी खरेदी, थोडी कला हे सगळं एकाच ठिकाणी हवंय. मी इंदुरातून दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा आईला घेऊन. डोळे मिटून रोप्पोंगी हिल्स या संकुलातला मोरी टॉवर धरा.

उंचीच्या नादी लागू नका. टोकियोतलाच स्कायट्री मनोरा ६३४ मीटरचा आहे आणि मोरी टॉवर २३८ मीटरचा. पण फार वर गेलं की शहर नकाशासारखं सपाट दिसायला लागतं. मोरीच्या ५२व्या मजल्यावर काचेशी उभं राहिलं की लाल-पांढरा टोकियो टॉवर अगदी समोर येतो. खुद्द टोकियो टॉवरवर चढलात तर नेमका तोच दिसणार नाही!

आता आमची फजिती. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याच हिशेबाने पहिल्या वेळी आम्ही निवांत पाच वाजता पोचलो, तर बाहेर मिट्ट काळोख. तिथला सूर्य साडेचारलाच घरी गेलेला. वर दिवे सुंदर होते, पण आईने परत येईपर्यंत ऐकवलं. दुसऱ्या वेळी साडेतीनलाच वर होतो. हवा स्वच्छ होती. सूर्य टेकल्यावर पश्चिमेला केशरी पट्टी उरली आणि तिच्यात फुजी पर्वताचा काळा त्रिकोण उमटला. आई काचेला कपाळ टेकवून उभी, श्वासाने काच धुकट व्हायची, ती पदराने पुसायची आणि पुन्हा बघायची. पूर्ण अंधार पडला की काचेत आपलीच तोंडं दिसतात; तेव्हा फोन काचेला चिकटवून भोवती गडद शाल धरली की फोटो साफ येतो.

दिवे बघून झाले की मग ५३व्या मजल्यावरचं मोरी आर्ट म्युझियम. ते रात्री दहापर्यंत उघडं असतं, म्हणून हाच क्रम बरा. फक्त मंगळवारी पाचलाच बंद होतं, आणि एक प्रदर्शन उतरवून दुसरं लागेपर्यंत मधले दिवसही बंद. तारखा आधी बघा. तिकीट काढताना त्यात म्युझियम धरलंय की नुसतं शहरदर्शन, हेही विचारून घ्या.

भुयारी रेल्वेच्या हिबिया लाइनने रोप्पोंगीला उतरा, १सी नंबरच्या दाराने थेट हिल्समध्ये निघता. वर जायची वाट काचेच्या शंकूसारख्या वेगळ्या इमारतीतून आहे. आम्ही आधी टॉवरच्या ऑफिसवाल्या दारात शिरलो होतो.

खरेदीवर वेळ घालवू नका. दुकानं महागडी, आणि तसले ब्रँड कुठेही मिळतात. एकाच जागी सगळं, याचं इंदूरकरांना कौतुक ते काय? सराफ्यात दिवसा सोनं आणि रात्री भुट्ट्याचा कीस आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. मला अचंबा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा : २००३ साली उघडलेल्या या संकुलासाठी सुमारे ४०० जमीनमालकांची संमती जमवायला नि बांधायला मिळून १७ वर्षं लागली. आपल्याकडे एका वाड्याच्या चार हिस्सेदारांच्या सह्या होत नाहीत.

चौकात शिल्पकार लुईज बुर्ज्वाचा दहा मीटर उंच कांस्याचा कोळी आहे. त्याचं नाव ‘मामाँ’, म्हणजे आई. नुसता समोरून फोटो काढून निघू नका, पायांमधून आत जाऊन वर बघा. पोटाखालच्या जाळीत संगमरवरी अंडी आहेत. बुर्ज्वाची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, म्हणून कोळी. हे सांगितल्यावर आमच्या आईची त्या किड्याबद्दलची किळस गेली.

जेवणाचं मात्र अवघड. भाज्यांच्या सुपातही बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी असतं. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून उमे (खारवलेलं आंबट फळ) भरलेले भाताचे त्रिकोण घेतले (पाकिटावरचं फोनने वाचून), वर घरचं जीरावन (आपला इंदुरी मसाला) भुरभुरवलं. शेवेचं पाकीट हॉटेलवरच ठेवा, म्युझियममध्ये खायची सोय नाही.

तुमची ती संध्याकाळ मंगळवारची तर नाही ना, तेवढं कळवा. असेल तर क्रम उलटा लावावा लागेल.