आधी तिची वही परत द्या

नगर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी टी.वाय.बी.ए.ला, विषय इतिहास, गुण ७८ टक्के. कॅनडातल्या रिडो कालव्यावर राबलेल्या आयरिश मजुरांची नावं ती जुन्या हिशेबपत्रकांतून शोधत बसते आणि एमपीएससीचा क्लास बुडवते. म्हणून त्यांनी तिची नोंदवही कपाटात कुलूपबंद केली आहे. ‘दोनशे वर्षांपूर्वीच्या मजुरांवर हिचं पोट भरणार का?’ असं ते विचारतात.

मला तिच्या गुणांची काळजी नाही, त्या कुलपाची आहे. तुम्ही काय ठरवलंत, काय बंद केलंत, हे पत्रात पानभर आहे. ती काय म्हणते, याची एक ओळ नाही. कुणी न सांगता आठ महिने रोज रात्री एका कामाला चिकटून राहणारी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात. तुम्ही शिक्षा केलीत ती नेमकी त्या चिकाटीला. हे चुकलं, आणि ते तिच्यासमोर तुम्हीच कबूल करायला हवं.

एमपीएससी पदवीनंतरही देता येते, तिची इच्छा असेल तर.

पण ‘यादीत नाव बघायचं, त्यात अभ्यास कसला?’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी सोडणार नाही. तुम्ही पाटबंधारे खात्यात मस्टर तपासता, तुम्हाला तर हे चटकन कळेल. रिडोचं काम १८२६ ते १८३२ चाललं, बरंचसं ठेकेदारांमार्फत. सरकारी हिशेबात पैसे ठेकेदाराच्या नावावर पडतात, मजूर दिसतच नाही. जिथे दिसतो तिथे कारकुनानं कानावर पडलं तसं नाव लिहिलेलं असतं आणि सहीच्या जागी फुली. दोन पॅट्रिक मर्फी निघाले तर कुठला कोण? मग दुसरे कागद काढावे लागतात. १८२९ मध्ये तिथल्या ६७३ आयरिश माणसांनी आपले नातलग आणण्यासाठी सरकारकडे मदत मागितली, त्या यादीत मूळ गावांचे उल्लेख आहेत. ती यादी आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर कदाचित माणूस सापडतो. शिवाय १९२२ मध्ये डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. त्यामुळे कितीतरी आयरिश कुटुंबांना पूर्वजांचा माग परदेशातल्या अशा कागदांतूनच काढावा लागतो.

आता तिच्यासाठी. बाळा, फक्त आयरिश मजुरांवर इथे नोकरी मिळणं अवघड आहे, हे मी लपवणार नाही. पण तुझी नजर कागद वाचायला तयार झाली आहे. मोडी शिक. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, रचून ठेवलेत आणि ते वाचणारे कमी आहेत. एम.ए. कर, मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका बघ. सरकारी जागा नेहमी निघत नाहीत, तेव्हा कागदपत्रांचं डिजिटायझेशन आणि संग्रहालयांची कामंही शिकून ठेव.

आणि वडिलांना एवढंच, पुढचं पत्र तिला लिहू द्या.