मगावर जाळी का पडली?

प्रश्न : ताई, वर्गात मी केलेला निळा मग भट्टीतून निघाला तेव्हा अगदी गुळगुळीत होता. ६ महिने रोज त्यातून चहा पितोय. आता आत केसासारख्या रेघांची जाळी दिसते आणि रेघांत चहा मुरलाय. धुताना कढत पाणी वापरलं म्हणून असं झालं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कढत पाण्याला बोल लावू नका. तुमचा मग निवत होता तेव्हापासूनच त्याच्या अंगात ताण आहे.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलीय? लोखंडी धाव तापवून बसवतात, वर पाणी ओततात. ती आक्रसते आणि लाकूड आवळून धरते. स्वतः मात्र कायम ताणलेली राहते. ग्लेझ म्हणजे मातीवरचा काचेचा पातळ थर. निवताना तो मातीपेक्षा जास्त आक्रसला की त्याची धाव होते. लोखंड ताण सोसतं, काच नाही. दाब ती पुष्कळ सोसते. ताणली की तडकते.

मग ६ महिने का लागले? बूड पाहा, तिथे ग्लेझ नसतं. त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. लगेच जिरला तर माती कमी भाजलीय. अशी माती ओल पिऊन किंचित फुगते, आणि आधीच ताणलेलं ग्लेझ आणखी ताणलं जातं.

माझे पहिले १२ मग भट्टीतून काढल्यावर टेबलावर टिण टिण वाजत होते. काय गोड नाद, म्हणून मी सगळ्यांना बोलावून ऐकवला! ग्लेझ तडकत होतं ते. पुढच्या खेपेला ग्लेझमध्ये सिलिका, म्हणजे गारगोटीची पूड, वाढवली. तिने ग्लेझचं आक्रसणं कमी होतं. हौसेनं जरा जास्तच पडली. आता माती जास्त आक्रसली, ग्लेझ दाबलं गेलं आणि मगांच्या कडेवरून टवके उडाले. जाळी परवडली, टवका म्हणजे चहात काचेचा तुकडा.

ग्लेझ थोडंसं दाबात हवं, इतकंच. १९७० साली आलेल्या कोरेल ब्रँडच्या ताटल्यांत हीच युक्ती आहे. काचेचे ३ थर, बाहेरचे दोन कमी आक्रसणारे, म्हणून कायम दाबात. वरचा बारीक चरा त्या दाबात मिटलेला राहतो. तडा मधल्या ताणलेल्या थरात घुसला, तर मात्र ताटलीच्या ठिकऱ्या होतात.

चीनमध्ये ‘गे’ नावाच्या जुन्या भांड्यांवर अशी जाळी मुद्दाम पाडून रंग मुरवत. तुमच्या मगात आता पेनं ठेवा. जाळी पडलेलं भांडं कमजोरही होतं, आणि भेगांत मुरलेलं घासून निघत नाही.

पुढच्या खेपेला ग्लेझ पातळ लावा, माती तिच्या पूर्ण तापमानाला भाजा. नंतर एक मग उकळत्या पाण्यातून काढून थेट बर्फाच्या पाण्यात बुडवा, असं तीनदा. हातमोजे घाला. कोरडा करून शाई चोळा, पुसा. एक जरी रेघ उमटली, तरी त्या खेपेतला मग कुणाला भेट देऊ नका.