"कॉलेज संपलं की सगळं सुटतं" हे खरं का?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ थर्ड इयरला आहे, होस्टेलवर राहतो. फर्स्ट इयरला हाच रोज पळायला जायचा, सिगरेटचा वास आला तरी नाक मुरडायचा. आता शनिवारी पार्टी ठरलेली, रात्री तीन-तीनपर्यंत जागरण, व्हेप की काय ते पण ओढतो आणि पळणं तर कधीच बंद झालंय. आईबाबांना यातलं काही माहीत नाही. तो म्हणतो फेज आहे, कॉलेज संपलं की सुटतं सगळं. खरंच सुटतं का?

उत्तर : काही सुटतं, काही नाही, आणि गंमत म्हणजे घरचे ज्याला सगळ्यात जास्त घाबरतात तेच बऱ्याचदा सुटतं. पार्टीतलं पिणं बहुतेकांचं विशीच्या सुरुवातीला वाढतं आणि पंचविशीनंतर कमी होत जातं, कारण सकाळी कामावर जायचं असतं, लग्न होतं, मुलं होतात, आणि मेंदूचा स्वतःला आवरणारा भाग पण पंचविशीपर्यंत तयार होतच असतो. बहुतेकांचं म्हणतेय हं, सगळ्यांचं नाही. घरात आधीच कुणाला व्यसन असेल किंवा तो टेन्शन घालवायला एकटाच पीत असेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

व्हेपला, म्हणजे ई-सिगरेटला, मात्र फेज म्हणू नका, त्यात बहुतेक वेळा निकोटिनच असतं आणि ते चिकटतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या रिपोर्टप्रमाणे रोज सिगरेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांपैकी जवळपास ९९ टक्के लोकांनी पहिली सिगरेट वयाच्या २६ च्या आतच ओढलेली असते. म्हणजे ही वर्षं सवय लागायची आहेत, सुटायची कसली!

आणि पळणं बंद झाल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी तेच आधी धरेन. व्यायाम सुटला म्हणून घरात कुणी आरडाओरडा करत नाही, पण तो कॉलेजात कमी होतो, नोकरीत अजून कमी होतो आणि दारूसारखं याचं आपोआप काही ठीक होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे दिवसाला वीसेक मिनिटं झाली. सुट्टीत घरी आला की त्याला सोबत घेऊन बाहेर पडा, उपदेशापेक्षा ते बरं. झोपेचं पण त्यातच थोडंफार जमून जाईल.

एका बाबतीत मात्र फेज वगैरे काही ऐकायचं नाही, पिऊन गाडी चालवणं. तिथे सुधारायला पंचविशी येईलच असं नाही. त्याला सांगून ठेवा की रात्री दोनला फोन केलास तरी तुझी घरी जायची सोय करेन, आईबाबांना सांगणार नाही, लेक्चर देणार नाही. आणि तसा फोन आला तर खरंच देऊ नका.