माळवदात सापडलेलं, तळाला तीन भोकं असलेलं लाकडी भांडं कशाचं असेल?

सेलूकडच्या आजोळी माळवद (मातीचं सपाट छत) उतरवताना हे भांडं सापडलं आणि मामींना ते अभिषेकाचं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. अभिषेकाचं नाही हो, ते चाडं आहे. तिफणीचं.

तिफण म्हणजे तीन फणांचं, म्हणजे जमिनीत रुतणाऱ्या दात्यांचं, पेरणीचं अवजार. दिंडात, म्हणजे आडव्या लाकडात, तीन फण, प्रत्येक फणाला बांबूची एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांची वरची तोंडं या चाड्याच्या भोकांत बसवलेली. गडी बैल हाकायचा, मागून चालणारी बाई ओटीतलं बी मुठीनं चाड्यात सोडायची. चाडं भरून ठेवायचं नसतं. बोटांच्या फटीतून दाणे असे ओघळू द्यायचे की तिन्ही नळ्यांत सारखे पडावेत. यालाच चाड्यावर मूठ धरणं म्हणतात. ज्या बाईची मूठ चांगली, तिला मिरगाच्या आधीच शेजारीपाजारी सांगून ठेवायचे.

बारा वर्षांचा असताना हट्टानं मीही मूठ धरली होती. रान ओलं होतं, मधली नळी खालून चिखलानं बुजली आणि दाणे साठत साठत वर येईपर्यंत मला पत्ताच नाही. आठ दिवसांनी ज्वारी उगवली तर तेवढ्या पट्ट्यात दर तिसरं तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामं! वावर नेमकं रस्त्याकडचं, त्यामुळं सगळ्या गावानं पाहिलं.

कापसाची आणखी वेगळी तऱ्हा. सरकीला तंतू असतात, ती भोकातच अडकते. म्हणून शेणामातीत चोळून, वाळवून मगच पेरायची.

गंमत म्हणजे इंग्लंडात जेथ्रो टलचं पेरणीयंत्र १७०१ च्या सुमाराचं. हा युरोपचाच नवा शोध, असं कॅप्टन हॅलकॉट नावाच्या इंग्रजाला वाटायचं. १७९० च्या दशकात दक्षिण भारतात त्यानं असंच अवजार चालू रानात पाहिलं, आणि इंग्लंडातल्या शेती मंडळाला पत्र लिहून कळवलं.

चाडं सुतार करून द्यायचा. त्याचे रोख पैसे नसत, सुगीत खळ्यावर बलुतं मिळे. तुमच्या चाड्याची एक कड जास्त गुळगुळीत असेल तर हात फिरवून बघा, मूठ तिथंच टेकत असणार.

आता जपायचं कसं? वॉर्निश लावू नका. कोरड्या कापडानं पुसा, जवसाचं तेल थोडं चोळा. खाली पिवळसर भुकटी पडत असेल तर कीड आहे, आधी तिचं बघा. आणि कुणी विकत मागितलं तर देऊ नका. हायवेच्या एका ढाब्यावर मी चाडं उलटं टांगून आत बल्ब लावलेला पाहिलाय.

माळवदाच्या मातीत अजून शोधा. असंच, पण एकाच भोकाचं काही मिळालं तर ते सरतं. ते दोरीनं तिफणीच्या मागं बांधून दुसरी बाई ज्वारीच्या जोडीला तुरीचं तास धरायची.